तिसरीपासून एआय : शाळेनं आधी काय बदलायला हवं?

ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जाहीर केलं की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून मुलांना तिसरीपासूनच एआय आणि संगणकीय विचारपद्धती शिकवली जाईल. तेव्हापासून आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारातल्या जुन्या घरांपासून वाघोडिया रोडच्या नव्या सोसायट्यांपर्यंत, मराठी पालकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो : आठ वर्षांच्या पोराला आता कसला क्लास लावायचा? शिक्षकांचा प्रश्न वेगळा आहे. हे शिकवायचं कुणी, आणि कधी?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण नवा विषय कोणता आणायचा, हा या सगळ्यातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे असं मला वाटतं. खरी अडचण आहे ती शिकवायला सुरुवात कुठून करायची याची. पुस्तकाच्या पानापासून, की मूल जिथवर आलंय तिथपासून? या प्रश्नावरचा एक फार महत्त्वाचा प्रयोग वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बडोद्याच्याच महानगरपालिकेच्या शाळांत झाला. त्याची चर्चा अर्थशास्त्राच्या वर्गांत होते, आपल्या पालकसभांत होत नाही. ती व्हायला हवी.

आधी हे दोन शब्द समजून घेऊ

एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, याचा ढोबळ अर्थ असा : पुष्कळ उदाहरणं पाहून त्यांतली ठेवण ओळखायची आणि तिच्यावरून नव्या गोष्टीबद्दल अंदाज बांधायचा, हे काम करणारी यंत्रणा. मोबाइल फोटोतला चेहरा ओळखतो तो असाच, आणि चॅटजीपीटी उत्तर लिहितं तेही असंच. अफाट मजकूर वाचलेला असल्यामुळे पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज त्याला बांधता येतो. अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. चुकतो तेव्हाही तो तितक्याच ठामपणे सांगितला जातो, आणि मुलांना सगळ्यांत आधी हे कळायला हवं.

संगणकीय विचारपद्धती म्हणजे एखादं काम छोट्या टप्प्यांत मोडणं, त्यांचा क्रम लावणं आणि दुसऱ्याला न चुकता करता येईल अशा सूचना लिहिणं. याला संगणक लागतोच असं नाही. तिसरीच्या मुलाला सांगा, मांडवीपासून सुरसागरला कसं जायचं ते चिठ्ठीवर लिही. तो लिहील, "सरळ जा." मग दुसऱ्या मुलानं विचारायचं : तोंड कुठे करून उभा राहू? सरळ म्हणजे कुठपर्यंत? लहेरीपुरा दरवाजाच्या आतून की बाजूनं? तिसऱ्यांदा चिठ्ठी लिहिताना त्याच मुलाच्या सूचना नेमक्या होतात. आधी तो स्वतःला माहीत असलेलं लिहीत होता, आता समोरच्याला काय माहीत नाही याचा विचार करू लागला. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस दिवसभर हेच करत असतो.

एआयसाठीही वर्गात असंच काही करता येतं. त्याचा मी जरा तपशील देते, कारण "तिसरीत एआय" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लगेच टॅब्लेट येतो. मुलांना आंब्याची आणि पिंपळाची पाच-पाच पानं आणायला सांगायची. वर्ग दोन गटांत वाटायचा. पहिल्या गटानं पानं बघून ओळखण्याचे नियम लिहायचे : लांब असेल तर आंबा, बदामाच्या आकाराचं आणि टोकाला शेपटी असेल तर पिंपळ. दुसऱ्या गटानं झाडं विसरून फक्त ते नियम वाचायचे आणि समोर येईल ते पान ओळखायचं. दहा पानं बिनचूक ओळखली जातात, मुलं खूश होतात. मग बेननी, म्हणजे शिक्षिकेनं, पिशवीतून आसोपालवाचं पान काढायचं. तेही लांब! नियमाप्रमाणे ते आंबा ठरतं. तोरणात दोन्ही पानं रोज पाहणारी मुलं ओरडतात, "बेन, हे चुकलं, याच्या कडा बघा, लाटांसारख्या आहेत." यंत्राला ज्याची उदाहरणंच दाखवली नाहीत तिथे ते कसं फसतं, हे आठव्या वर्षी इतकं स्वच्छ कळू शकतं. खर्च शून्य. शिक्षकाला मात्र तयारी लागते, आणि मुलांना आपले नियम लिहिता-वाचता यावे लागतात.

या शेवटच्या अटीपाशी सगळं अडतं.

तिसरीतलं मूल वाचू शकतं का?

ग्रामीण भारतातल्या मुलांना घरोघरी जाऊन वाचायला लावणाऱ्या 'असर' या पाहणीचे २०२४चे आकडे असे आहेत : सरकारी शाळांत तिसरीत असलेल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला तो २३.४ टक्क्यांना. २०२२मध्ये हे प्रमाण १६.३ होतं, म्हणजे सुधारणा झाली आहे आणि तिचं श्रेय शिक्षकांना द्यायलाच हवं. तरीही चारांतली तीन मुलं मागे आहेत. पाचवीतसुद्धा ४४.८ टक्केच मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकतात.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि साधं गणित यावं, यासाठी जुलै २०२१मध्ये 'निपुण भारत' सुरू झालं. त्याची मुदतही २०२६-२७. ज्या वर्षी सगळ्या तिसरीला वाचता यायचं होतं त्याच वर्षी, त्याच इयत्तेपासून एआय येतंय. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की प्रश्नाचं गांभीर्य कळतं.

मागे पडलेलं मूल पुढच्या वर्षी आपोआप का सावरत नाही? विणकाम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. स्वेटरच्या खालच्या ओळीत एक टाका सुटला आणि तसंच वर विणत गेलं, तर पुढची प्रत्येक ओळ विणली जाते खरी, पण त्या जागी उभी फट पडत जाते. वर आणखी सुंदर नक्षी काढून ती बुजत नाही. आकडी घेऊन खाली उतरावं लागतं, तो टाका उचलावा लागतो आणि एकेक ओळ वर चढवत आणावी लागते. दुसरीत हातच्याची वजाबाकी सुटलेल्या मुलाला चौथीचा भागाकार शिकवणं म्हणजे वरची ओळ विणणं. फळ्यावर धडा पुढे सरकतो, वहीही भरते.

बडोद्याच्या नगरशाळांत काय घडलं?

साल २००१ ते २००४. 'प्रथम' या संस्थेनं बडोदा आणि मुंबईच्या पालिका शाळांत 'बालसखी' नावाचा उपक्रम चालवला आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याची काटेकोर तपासणी केली. सुरुवातीच्या चाचणीत बडोद्यात तिसरीतल्या पाचांपैकी जेमतेम एका मुलाला पहिलीच्या गणिताचे प्रश्न बरोबर सोडवता आले होते.

उपाय साधा होता. वस्तीतलीच शिकलेली एक तरुणी, ती बालसखी. साधारण दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. तिसरी-चौथीत मागे पडलेली वीसेक मुलं रोज दोन तास तिच्याकडे यायची आणि ती त्यांना पहिली-दुसरीत निसटलेलं अक्षर-अंकांपासून शिकवायची. पाठ्यपुस्तक 'पूर्ण' करण्याची तिच्यावर सक्ती नव्हती.

तपासणी कशी केली तेही पाहण्यासारखं आहे. कोणत्या शाळेला मदत द्यायची हे ओळखीपाळखीवर ठरवलं नाही, सोडत काढली. निम्म्या शाळांत बालसखी तिसरीला, निम्म्यांत चौथीला, आणि पुढच्या वर्षी अदलाबदल. त्यामुळे फरक दिसला तर तो उपक्रमामुळेच आहे, चांगल्या मुख्याध्यापकामुळे किंवा वस्तीमुळे नाही, असं छातीठोकपणे म्हणता येत होतं. औषधाची चाचणी घेतात तीच ही पद्धत. तिच्या बळावर गरिबीचे प्रश्न सोडवायचा मार्ग दाखवला म्हणून बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या कामात आपल्या नगरशाळांतल्या मुलांच्या चाचण्यांचे पेपर आहेत, ही बडोदेकरांनी अभिमानानं सांगावी अशी गोष्ट आहे.

निकाल काय लागला? ही मदत न मिळालेल्या शंभर मुलांची गुणांप्रमाणे, कमीकडून जास्तीकडे, रांग लावली असं समजा. बरोबर मधोमध, पन्नासाव्या जागी असणारं मूल बालसखी असलेल्या शाळेत दुसऱ्या वर्षाच्या शेवटी साधारण एकसष्टाव्या जागेपर्यंत पोचलं असतं. ही झाली सरासरी. प्रगतीचा मोठा वाटा सगळ्यांत मागच्या मुलांचा होता, म्हणजे ज्यांच्यासाठी हे सुरू केलं त्यांचाच. खर्च दर मुलामागे वर्षाला शंभरेक रुपये.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि मला ती फार मोलाची वाटते. ती वीस मुलं बाहेर गेल्यावर दोन तास मूळ वर्गातली गर्दी कमी व्हायची. तरी तिथे उरलेल्या मुलांच्या गुणांत त्यामुळे विशेष फरक पडला नाही. वर्ग लहान केला आणि शिकवण्याची रीत तीच ठेवली, तर लाभ आपोआप होत नाही. मुलाला कुठून धरून शिकवलं, याचा फरक पडतो.

मग संगणकाचं काय?

त्याचंही उत्तर याच शहरातून मिळालं. २०००च्या सुमारास राज्य सरकारनं बडोद्याच्या बहुतेक नगरशाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. बहुतेक ठिकाणी ते वापराविना पडून होते. कुणी चालवायचे, कुठल्या तासाला, काय शिकवायला, हे ठरलेलंच नव्हतं. मग चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकापुढे दोघं, असे गणिताचे खेळ दिले गेले. मूल बरोबर उत्तरं देऊ लागलं की खेळ कठीण व्हायचा, अडखळलं की सोपा. मदतीला माणूस हजर असायचा.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी गणितात मोठी झेप दिसली. वरच्याच रांगेत सांगायचं तर पन्नासाव्या जागेवरचं मूल अडुसष्टाव्या जागेच्या आसपास. भाषेत मात्र फरक नाही, कारण खेळ गणिताचे होते. उपक्रम थांबून वर्ष उलटल्यावर गणितातला फायदाही बराचसा ओसरला होता. आणि खर्च बालसखीच्या सहा-सात पट.

तेच चार संगणक आधी पडून होते, तेच पुढे कामाला आले. मध्ये वेळापत्रकात तास आला, शेजारी माणूस आला आणि मुलाच्या पातळीप्रमाणे बदलणारा खेळ आला. आज शाळा "स्मार्ट बोर्ड बसवला", "एआय लॅब उघडली" अशी जाहिरात करतात तेव्हा या तीन गोष्टींची चौकशी करावी. एआयच्या साधनांत मुलाची पातळी ओळखून त्याप्रमाणे बदलण्याची ताकद त्या जुन्या खेळांपेक्षा कितीतरी जास्त आहे, यात शंका नाही. म्हणूनच ती नीट वापरली जावीत असं मला कळकळीनं वाटतं.

"यंत्रच सगळं सांगणार असेल तर पाढे आणि वाचन कशाला?"

हा प्रश्न मुलंच विचारतात, आणि त्यांना रागावून गप्प करणं बरोबर नाही.

तुर्कस्तानात जवळजवळ हजार माध्यमिक विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. गणिताचा सराव करताना काहींना चॅटजीपीटीसारखं साधन दिलं, काहींना दिलं नाही. साधन असलेल्यांनी सरावात ४८ टक्के जास्त गुण मिळवले. पुढे साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुलं साधन कधीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाला असं साधन दिलं होतं, जे सरळ उत्तर न देता शिक्षकांनी ठरवून दिलेल्या सूचनांप्रमाणे पुढची पायरी सुचवायचं. त्या गटाचं असं नुकसान झालं नाही.

घरी याचा अर्थ सरळ आहे. मूल उत्तर मागतंय की इशारा मागतंय, हे बघायला हवं. आणि यंत्रानं सांगितलेलं बरोबर आहे का हे ठरवायला डोक्यात काहीतरी असावं लागतं. ७ × ८ किती हे ज्याला आपसूक आठवतं, त्याला ५६०च्या जागी ५,६०० आलेलं लगेच खटकतं. ज्याला पाढेच येत नाहीत त्याला काहीच खटकत नाही. वाचनाचंही तसंच. चार परिच्छेदांचं गुळगुळीत उत्तर वाचून त्यातलं पोकळ वाक्य हेरणं ही अवघड वाचनक्रिया आहे, आणि पुढच्या पिढीला ती आपल्यापेक्षा जास्त वेळा करावी लागणार आहे. शिवाय चॅटजीपीटी वापरण्याचं किमान वय त्या कंपनीच्याच नियमांत १३ वर्षं आहे. तिसरी-चौथीच्या मुलाच्या हातात फोन देऊन "गृहपाठ विचार त्याला" म्हणणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावं.

"शिक्षकांनी अजून काय काय करायचं?"

शिक्षकांच्या या तक्रारीला मी मनापासून दुजोरा देते. मतदारयाद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन नोंदी आणि वर अभ्यासक्रम वेळेत संपवण्याचा तगादा. हा तगादा कायद्यातच आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणं हे त्यातलं एक. लगेच पुढचं कर्तव्य, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याप्रमाणे लागेल तिथे जादा शिकवणं. कायद्यानं दोन्ही शेजारी शेजारी लिहिली. तपासणीला येणारा अधिकारी मात्र पहिल्याचीच नोंद मागतो, कारण "धडा क्रमांक १४ झाला" हे एका दृष्टिक्षेपात दिसतं. दुसऱ्यासाठी मुलांजवळ बसावं लागतं.

फक्त प्रशिक्षण देऊन हे बदलतं का? बालसखीनंतर याच पद्धतीचे प्रयोग इतर राज्यांत झाले. बिहारमध्ये शिक्षकांना नवी पद्धत शिकवली, साहित्य दिलं, पण नेहमीच्या शाळेच्या वेळापत्रकात बाकी काही बदललं नाही, तेव्हा परिणाम जवळजवळ दिसला नाही. हरियाणात त्याच पद्धतीसाठी रोजचा एक तास राखून ठेवला, त्या तासाला मुलं इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवली, आणि तालुक्याच्या पातळीवरचे शिक्षण अधिकारी वर्गात येऊन मदत करत राहिले. तिथे मुलांचं वाचन सुधारलं. शिक्षक तेच होते, सरकारी. त्यांना त्या तासापुरती 'पुस्तक संपवा'पासून सुटका मिळाली होती.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२०नं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचं व्यावसायिक प्रशिक्षण ठरवून दिलं आहे. ते पन्नास तास ऑनलाइन व्हिडिओ चालू ठेवून प्रमाणपत्र मिळवण्यात जावेत, की दोन शाळांच्या शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग बघण्यात, हे मुख्याध्यापक ठरवू शकतात. नवं करून पाहणाऱ्या शिक्षकाला मोकळीक लागते आणि बघणारा, विचारणारा सोबती लागतो. हे दोन मिळाले तर आसोपालवाच्या पानासारखे तास शिक्षक स्वतःच रचतात, त्यासाठी दिल्लीहून पुस्तिका यायची वाट बघत नाहीत.

"वेगळा गट केला की मुलावर शिक्का बसेल"

ही भीती खरी आहे. 'ढ'चा बाक ज्यांनी पाहिलाय त्यांना ती सांगावी लागत नाही. पण गट कसे केले यावर बरंच अवलंबून असतं. त्या तासाला सगळ्याच वर्गांतली सगळीच मुलं उठून आपापल्या गटात जातात, तेव्हा कुणी एकटं वेगळं काढलं जात नाही. वाचनात मागे असलेलं मूल गणितात पुढच्या गटात असू शकतं. शिवाय दर काही आठवड्यांनी छोटी चाचणी घेऊन गट बदलायचे. जे गट वर्षभर बदलत नाहीत ते शिक्केच होतात, असे गट करूच नयेत. आणि आजच्या व्यवस्थेत शिक्का बसत नाही असं कुठे आहे? चौथीत सगळ्यांसमोर वाचायला उभं केल्यावर जे मूल गप्प राहतं, त्याच्यावर तो रोज बसतो.

परीक्षा बदलल्याशिवाय शिकवणं बदलत नाही

पालक आणि शिक्षक दोघंही अखेर पेपरकडे बघतात, त्यात गैर काही नाही. मग पेपरच बदलायला हवा. सीबीएसईनं नववी-दहावीच्या पेपरांत निम्मे गुण क्षमताधारित प्रश्नांना दिले आहेत, म्हणजे पाठ केलेलं लिहिण्यापेक्षा शिकलेलं वापरायला लावणाऱ्या प्रश्नांना. हे लहान वर्गांतही सहज करता येतं.

"परिमितीचं सूत्र लिहा" हा जुना प्रश्न. त्याऐवजी असा विचारा : नवरात्रीत सोसायटीच्या ४० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद चौकाभोवती दोरी बांधायची आहे. आत यायला ४ मीटर जागा मोकळी सोडायची. दोरी ३५ मीटरच्या गुंडाळ्यांत मिळते. किती गुंडाळ्या आणाल? परिमिती १४०, चार वजा केले की १३६. भागाकार केला की ३.८८ येतं. इथे वर्गाचे दोन भाग पडतात. काही मुलं "३.८८ गुंडाळ्या" लिहितात. काही थांबतात आणि ४ लिहितात, कारण दुकानदार गुंडाळी कापून देणार नाही हे त्यांच्या लक्षात येतं. यंत्र १३६ला ३५नं क्षणात भागून देईल. तो शेवटचा निर्णय शिकवायचा आहे, आणि एका साध्या प्रश्नातून शिक्षकाला कुणाला काय कळलं तेही दिसतं.

उद्या कोणते व्यवसाय असतील ते कुणाला माहीत आहे?

कुणालाच नाही, आणि पूर्वीही नव्हतं. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं त्रिभुवनदास गज्जर यांनी बडोद्यात कलाभवन सुरू केलं. चित्रकला, रंगाई, यंत्रकाम असे हातानं करायचे विषय तिथे शिकवले जात. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून एक मराठी तरुण तिथे आला : धुंडिराज गोविंद फाळके. चित्रं, शिल्पं, छायाचित्रण, छपाई यांत तो रमला. त्या वेळी देशात सिनेमा नावाची गोष्टच नव्हती. मुंबईत चित्रपटाचा पहिला खेळ झाला ७ जुलै १८९६ला, आणि दादासाहेबांचा पहिला कथापट आला १९१३मध्ये. सिनेमाचा अभ्यासक्रम कलाभवनात नव्हता, असूच शकत नव्हता. पण प्रकाश, रंग, यंत्र आणि रसायन यांच्याशी स्वतःच्या हातांनी झटापट करण्याची सवय तिथे मिळत होती.

याच संस्थानानं १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६मध्ये तो राज्यभर लागू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११मध्ये असंच विधेयक देशासाठी मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. एकाच राजवटीत सगळ्यांना अक्षरओळख आणि हातांना नवं तंत्र, या दोन्हींचा आग्रह चालला होता. आज "आधी पाया की आधी एआय" असा वाद घालणाऱ्यांनी हे पाहावं. पाया आणि नवं तंत्र एकाच तासात शिकवता येतात, फक्त तो तास मुलाच्या पातळीवर रचावा लागतो.

घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी

आपल्या मुलांची ही खास परिस्थिती आहे. गुजरातच्या २०२३च्या कायद्यानं पहिली ते आठवी सगळ्याच शाळांत गुजराती शिकवणं बंधनकारक केलं आहे. म्हणजे मराठी घरातलं मूल देवनागरी, गुजराती आणि रोमन अशा तीन लिप्या हाताळतं. पुष्कळ पालक गोंधळ नको म्हणून घरचं मराठी वाचन बंद करतात. माझ्या मते हे उलट आहे. अक्षरांवरून अर्थापर्यंत पोचायची युक्ती एका भाषेत पक्की झाली की ती दुसरीकडे कामी येते, आणि ज्या भाषेत मूल विचार करतं त्या भाषेत ती लवकर पक्की होते. २०२०चं धोरणही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच सांगतं. शाळा इंग्रजी असली तरी बेननी मुलाला "हे तुझ्या भाषेत शेजाऱ्याला समजावून सांग" म्हणायला दोन मिनिटं लागतात.

पालकसभेत काय विचारावं

"एआय कधी सुरू करणार?" हा प्रश्न विचारू नका असं मी म्हणत नाही. त्याच्या आधी हे विचारा : माझं मूल वाचनात आणि गणितात नेमकं कुठवर आलंय, आणि तुम्हाला ते कशावरून कळलं? मागे असलेल्या मुलांसाठी वेळापत्रकात कोणता तास आहे? संगणक कक्षात आठवड्याला माझ्या मुलाचे किती तास आहेत आणि तिथे शेजारी कोण असतं? ही उत्तरं तोंडी न घेता वेळापत्रक दाखवायला सांगा.

सभेला जायच्या आधी घरी एक करून पाहा. तिसरी-चौथीतल्या मुलासमोर दुसरीच्या पुस्तकातला त्यानं न वाचलेला परिच्छेद ठेवा आणि मोठ्यानं वाचायला सांगा. मग पुस्तक मिटून विचारा, काय झालं त्यात? अडखळलं तर मुलाला रागावू नका, लगेच क्लासही शोधू नका. कोणत्या शब्दांपाशी अडलं ते परिच्छेदावर पेन्सिलीनं खूण करून ठेवा, आणि तो कागद घेऊनच शिक्षकांना भेटा.